आज दुपारी ‘साबर बोंडं’

आठवडाभर मागे लागल्यावर मावसभाऊ तयार झाला आणि आज कॉलेज रोडवरून थेट थिएटर गाठलं. प्रेक्षक मोजकेच. रोहन कानवडेच्या या पिक्चरला २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालाय, मराठीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे भावकी, नियम, "लग्न कधी करतोस"चा भडिमार, आणि बालपणीचा दोस्त बाळ्या. रडारड नाही, भाषण नाही. जयश्री जगताप यांनी आई काय उभी केलीये! मुलाचं सगळं माहीत असलेली, आणि तरी त्याच्या बाजूची. मध्यंतरापर्यंत भाऊ चुळबुळत होता, नंतर मात्र गप्प.

‘दशावतार’ याच्या आधीच्याच शुक्रवारी आला. तोही पाहिलाय. उत्तरार्ध मला थोडा ताणल्यासारखा वाटला, पण ८१ व्या वर्षी प्रभावळकर जे करतात त्यापुढे ती तक्रार किरकोळ. मोठ्या पडद्यावरच बघा. ‘जारण’ जूनमध्ये येऊन गेला, अमृता सुभाषसाठी तरी ओटीटीवर शोधा.

१९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, हे आपण प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. मग मराठी पिक्चरला दुपारचा एकच शो का? रात्रीचा लावला तर कामावरून सुटलेली माणसंही येतील ना.

उद्या परवा कुणी जाणार असेल तर सांगा, मी परत यायला तयार आहे. मिसळ तुमच्याकडून.