तुम्ही विचारलंत म्हणून: चारशेचे चाळीस

"ताई, थे चारशेचे चाळीस राऊंड आपुन काहून नाई मारत?"

भरतीची जाहिरात निघाली की हा प्रश्न येतोच. कुणीतरी मोबाइलवर चारशे मीटरचे ढिगानं राऊंड मारणाऱ्या एमिल झाटोपेक या जुन्या ऑलिंपिक धावपटूचा व्हिडिओ पाहिलेला असतो, तो सगळ्या पोट्ट्यांत फिरलेला असतो, आणि सकाळी पाच वाजता पांदणीवर माझी वाट पाहत सगळे जण जणू मीच काही लपवून ठेवल्यासारखे उभे असतात. मागच्या दिवाळीआधी पिठाच्या गिरणीवर एका काकूंनीही विचारलं, "पोरगं म्हणते चाळीस मारले का नोकरी पक्की. खरं हाय काय बाई?"

नोकरीचं मला माहीत नाही काकू. पळण्याचं सांगते.

आधी हिशोब. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. म्हणजे चारशेचा एक राऊंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, असे चार. एवढ्यासाठी चाळीस राऊंड कशाला? आठ-दहा नीट मारले तरी पुष्कळ. ज्याला एसएससी जीडीचे, म्हणजे केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीचे, पाच किलोमीटर २४ मिनिटांत काढायचे आहेत, किंवा ज्याला माझ्यासारखं दहा किलोमीटरचं वेड आहे, त्याच्यासाठी मोठ्या संख्येचा विषय खरा. आणि त्यालाही पहिली गोष्ट सांगावी लागते ती ही, की राऊंड हळू मारायचे. इथेच सगळ्यांचे चेहरे उतरतात.

माझाही उतरला असता. एकोणीस वर्षांची होते तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत झाटोपेकबद्दल वाचलं. चेकोस्लोव्हाकियातला, बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला असलेला पोरगा, पुढे फौजेत गेला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं. त्यात मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. काही काळ तो रोज चारशेचे साठ साठ राऊंड मारायचा, मध्ये थोडं दुडकत. लष्करी बूट घालून जंगलात पळायचा. एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. साठ राऊंड म्हणजे नुसते राऊंडच चोवीस किलोमीटर होतात, मधलं दुडकणं वेगळं, आणि हे दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं असेल तर माणूस प्रत्येक राऊंड जीव तोडून मारूच शकत नाही, हा साधा गुणाकार मला सुचला नाही. मी बी.कॉम.ला होते, तरी.

मग मी डांबरी रस्त्यावर तीस राऊंड सुरू केले. पहिले सात-आठ पंच्याऐंशी सेकंदांत, तोंडाला फेस. शेवटचे दहा एकशेदहात, कसेबसे. आठवड्यातून तीनदा. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीत, आतल्या बाजूला, बोटानं दाबलं की डोळ्यांत पाणी येईल असं एकच ठिकाण दुखायला लागलं. एक्स-रे काढला तर काही दिसलं नाही, म्हणून मी पळतच राहिले. हाडाला पडलेली अशी बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे नंतर कळलं. विद्यापीठाची क्रॉस कंट्री गेली आणि पुढचे दोन महिने मी अंगणात खुर्चीवर बसून तुरी निवडल्या.

त्या दोन महिन्यांत जर्मनीतल्या फ्रायबुर्गची गोष्ट वाचली. वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयाचा डॉक्टर, या दोघांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच इंटरव्हलचं, म्हणजे पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं याचं, शास्त्र बसवलं होतं. गेर्शलरचा पठ्ठ्या रुडॉल्फ हार्बिग, १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळाला, आणि तो विश्वविक्रम सोळा वर्षं कुणाला हलवता आला नाही. त्यांचं म्हणणं असं: पळताना नाडी १८० च्या आसपास न्यायची, मग थांबायचं आणि ती १२० वर उतरू द्यायची. उतरताना हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, आणि त्यानं ते तयार होतं. म्हणजे कमाई पळण्यापेक्षा मधल्या विश्रांतीत. 'इंटरव्हल' हे नावच मुळी त्या मधल्या वेळेचं. आणि नव्वद सेकंदांत नाडी १२० वर आली नाही, तर राऊंड जास्त जोरात झाला किंवा आजचा दिवस संपला.

आताचे शास्त्रज्ञ हे सगळं जसंच्या तसं मानत नाहीत, पण नव्वद सेकंदांचा हा नियम पांदणीवर इतका कामाचा आहे की मी तो सोडलेला नाही. त्याला घड्याळाशिवाय काही लागत नाही. गळ्याशी दोन बोटं ठेवा, दहा सेकंद मोजा. तीस ठोके म्हणजे १८०. वीस ठोके म्हणजे १२०, चला पुढच्या राऊंडला.

नॉर्वेवाल्यांनी आता हीच गोष्ट रक्तावर नेली आहे. मारियस बाकेन नावाचा धावपटू, जो डॉक्टरही आहे, त्यानं ती पद्धत बसवली आणि याकोब इंगेब्रिग्टसेनमुळे ती जगभर गेली. एकाच दिवशी सकाळी आणि संध्याकाळी हजार हजार मीटरचे किंवा चारशेचे भरपूर राऊंड, मध्ये जेमतेम मिनिटभर थांबायचं, आणि मधूनच बोट किंवा कान टोचून रक्ताच्या थेंबात लॅक्टेट, म्हणजे जोर वाढला की रक्तात साचणारा पदार्थ, किती चढलं ते छोट्या मशीनवर पाहायचं. ते मशीन ढकलण्यासाठी नसून आवरण्यासाठी असतं, हे पोट्ट्यांना पटतच नाही. आकडा वाढला की जगज्जेता पोरगाही वेग कमी करतो.

मी पुन्हा सुरू केलं तेव्हा दहा किलोमीटर बेचाळीस मिनिटांत जायचे. म्हणजे चारशेला जवळजवळ एकशेएक सेकंद. त्याच वेगानं राऊंड, मध्ये शंभर मीटर दुडकत. सुरुवात आठपासून, दर आठवड्याला दोन वाढवायचे. पंचवीस राऊंडला पोहोचले तेव्हा शर्यतीच्या वेगानं दहा किलोमीटर होत होते आणि घरी येऊन भाकरी थापायची ताकद उरत होती. पंचविसावा राऊंड पहिल्यासारखाच यायला हवा. तीन सेकंद घसरला की तिथेच थांबायचं, मग तो अकरावा का असेना. आणि हे आठवड्यातून एकदाच, फार तर दोनदा. बाकी दिवस गप्पा मारत पळायचं. त्याआधी दोन महिने नुसतं तसं पळालेलं असलं तर आणखी बरं.

आमचं ग्राउंड म्हणजे पांदण, शेतात जायचा मातीचा रस्ता. लांब टेप घेऊन मी आणि घरचे मोजायला गेलो, १,३१२ फुटांवर चुन्याची खूण केली. पावसाळ्यात काळी माती जोड्याला अशी चिकटते की पाय उचलला तर वावरच उचलल्यासारखं वाटतं, मग चार महिने डांबरी रस्ता. तिथे विजेचे खांब आहेत: दोन खांब पळायचं, एक खांब दुडकायचं. खांबांमधलं अंतर सारखं नसतं, पण नाडीला त्याचं काही देणंघेणं नाही. उन्हाळ्यात सहा वाजले की सगळं बंद.

आता या प्रश्नातला तो भाग, जो झाटोपेकच्या व्हिडिओत नसतो. आमची पोरं नुसती पळत नाहीत. फवारणीच्या दिवसांत सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन पिकाच्या ओळींतून दिवसभर चालतात. शेतीची वीज रात्रीची असली की रात्री एक वाजता ओलितासाठी मोटर सुरू करायला जातात. हरभरा निघेपर्यंत रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) रात्रीची जागल असते. हेही सगळं पायातच जमा होतं. म्हणून सकाळी मी आधी विचारते, "रात्री कुठं होता?" जागलीवरून आलेल्याला त्या दिवशी राऊंड नाहीत. तो रुसतो. रुसू दे.

मुलींचं आणखी वेगळं. मागच्या वर्षी एक पोरगी होती, बारावीची, पळायला चांगली पण सहाव्या राऊंडनंतर तिची नाडी उतरायचीच नाही. दोन मिनिटं झाली तरी दहा सेकंदांत सत्तावीस ठोके. बाकीच्यांनी 'ढिली' म्हणून नाव ठेवलं, मीही आठवडाभर तिला दोन शब्द जास्तच बोलले, हे कबूल करते. मग आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन आठ. रक्तात ऑक्सिजन नेणारं सामानच अर्धवट, तर हृदय धावून धावून भरपाई करणार, दुसरं काय करेल बिचारं. तिथून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, हे तिच्या आईला समजावायला दोन चकरा लागल्या, कारण त्यांच्याकडे सकाळी पोटात चहाशिवाय आधी काही जातच नाही. चार महिने तिला एकही राऊंड दिला नाही, नुसतं हळू पळणं आणि चालणं.

परवा तिनं बारा मारले. बाराव्यानंतर स्वतःच गळ्याशी बोटं ठेवून मोजत उभी होती, मी विचारायच्या आधीच म्हणाली, "एकोणीस, ताई." तेराव्यासाठी निघालीही होती. मी घरी पाठवलं, त्यांच्याकडे कापसाची वेचणी होती.