प्रोबेट कोर्टात फ्लॅट कोणाचा हे ठरत नाही

प्रोबेट म्हणजे विल खरं असल्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. ते लावलं की फ्लॅटचा निकाल लागतो असं खूप जणांना वाटतं, काका गेल्यावर आमच्या मावशीच्या घरीही तसंच वाटत होतं. पण कोर्ट तिथे एवढंच बघतं की विल खरंच त्या माणसाचं आहे ना, सही त्याचीच ना, तेव्हा तो भानावर होता ना, कुणी दबाव टाकला नव्हता ना. जागा मुळात त्याच्या मालकीची होती की वडिलोपार्जित, हा वाद असेल तर वेगळा दावा लावा.

हे माहीत नसल्यामुळे मावसभाऊ काकांच्या दादरच्या फ्लॅटची सगळी फाईल घेऊन वकिलांकडे गेला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, साक्षीदार कुठे आहेत? विलवर किमान 2 साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि कोर्टाला त्यातल्या एकाचं तरी अफिडेव्हिट हवं असतं. काकांच्या विलवर सही केलेले शेजारचे आजोबा कधीच गेले, दुसरे ऑफिसातले मित्र, आता ठाण्याला मुलाकडे असतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चष्मा काढून कागद अगदी डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, हो माझीच, तेव्हा मी इंग्रजीत सही करायचो. सगळ्यांच्या जिवात जीव आला!

पुढे बाकीच्या वारसांना नोटीस जाते, कुणी कॅव्हिएट टाकून हरकत घेतली की साध्या अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षानुवर्षं तारखा. विलमध्ये एक्झिक्युटर, म्हणजे विल अमलात आणणारा माणूस, नेमला नसेल तर प्रोबेटऐवजी लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघायचा कोर्टाचा अधिकार) घ्यावं लागतं. विलच नसेल तर एफडी, शेअर्ससाठी सक्सेशन सर्टिफिकेट, आणि कोर्टाचा वारस दाखला तर आपल्याकडे अजून 1827 च्या रेग्युलेशनखाली मिळतो, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला कायदा.

मुंबईतल्या जागेचं विल असेल तर हिंदूंना प्रोबेट सक्तीचं होतं, पुण्या-नाशिकच्या जागेला नाही. कलकत्ता आणि मद्रासलाही सक्ती होती, 1925 च्या उत्तराधिकार कायद्याचं कलम 213. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं आणि मला ते मनापासून पटलं, एकाच राज्यात दोन नियम कशाला? पण घरात भांडणाची शक्यता असेल तर प्रोबेट आजही घ्या, कारण एकदा मिळालं की विलच्या खरेपणाबद्दल ते सगळ्यांना बंधनकारक असतं.

आणि विल करताना साक्षीदार वयाने लहान घ्या, विलमध्ये ज्यांना काहीच मिळणार नाही असे, एखादा ओळखीचा डॉक्टर असेल तर उत्तमच, आणि त्यांचे पत्ते, फोन नंबर विलसोबतच ठेवा.