वसंत दाखवायचा तर पिंपळापासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचा आहे: "कोल्हापुरात वसंत दिसतो तरी का? मुलांना दाखवायला कुठं न्यायचं?"

दिसतो, पण एका दिवसाच्या सहलीत नाही. एकाच झाडाकडं पुन्हा पुन्हा गेलं की दिसतो. पुस्तकातल्या चित्रात वसंत हिरवागार असतो. आपल्याकडं तो पानगळीच्या पाठोपाठ येतो. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, तिथून पाडव्यापर्यंतचा महिना यासाठी धरा. सकाळी सात ते आठच्या दरम्यान वीस मिनिटं पुरतात.

पहिलं झाड पिंपळाचं. मोठा वृक्ष नको, फांदी मुलाच्या नजरेच्या उंचीला हवी. कुंपणाच्या भिंतीत उगवलेलं रोप सगळ्यांत सोयीचं. एका डहाळीला लोकरीचा धागा बांधा, आत बोट जाईल इतका सैल. सुतळी आवळली तर कोवळी साल कापते. दर चार दिवसांनी शेंड्याची टोकदार कळी बघा. तिच्यावरचं पातळ वेष्टन गळतं आणि आतून तांबूस, लोंबतं पान निघतं. देठ सोडून पान पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचं. वहीत तारीख, माप आणि रंग एवढंच. रंगाचं नाव लिहायचं नाही, खडूनं ठिपका काढायचा. सगळे ठिपके एका ओळीत आले की पान तांबड्याचं हिरवं कसं झालं ते मुलाला न सांगता कळतं. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून भरलेलं नसतं, म्हणून आधी तांबडा रंग दिसतो.

शेजारचा पिंपळ हिरवा झाला आणि आपला अजून उघडाच आहे, असंही होतं. झाड बदलू नका. दोन पिंपळांचं वेळापत्रक एक नसतं, आणि ही नोंद तर फार मोलाची.

मग काटेसावर. खाली पडलेलं ताजं फूल उचला, झाडावरचं तोडू नका. जाड, मांसल पाकळ्या पाच. पुंकेसर मात्र मोजता मोजता मुलं दमतात. नंतर झाडापासून दहा पावलं मागं येऊन शांत बसा आणि दहा मिनिटांत कोण कोण येतं ते लिहा: साळुंकी, बुलबुल, कावळा, शिंजीर, खार. पानं नसल्यानं फुलं लांबूनही दिसतात आणि पाहुणेही लपत नाहीत.

कोकिळेबद्दल एक दुरुस्ती आवर्जून करा. 'कुहू' करतो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्'.

शहरात टाऊन हॉलची बाग, विद्यापीठाचा परिसर, रंकाळ्याचा काठ, कुठंही जमेल. मोठ्यांची चूक एकच: मुलानं बघायच्या आधी नाव सांगून टाकणं. नाव कळलं की पोर पुढं पळतं.

पळस भेटलाच तर आधी पानं मोजायला लावा. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण म्हणजे निरीक्षणच आहे. गळलेली फुलं ओंजळभर आणून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. रंगपंचमीला केशरी-पिवळा रंग मिळतो. हे पाणी फार टिकत नाही, आंबतं, म्हणून आदल्या रात्रीच भिजवा.