बेलफास्टच्या फिडलवर ‘राइट्स ऑफ मॅन’

उत्तर आयर्लंडच्या सहलीत समुद्रकाठचे जायंट्स कॉजवेचे खडक पाहिले, टायटॅनिकचं म्युझियम झालं, पाऊस तर रोजचाच. पण लिहायचंय ते एका हॉर्नपाइपबद्दल, म्हणजे नाचाच्या एका धुनेबद्दल.

बेलफास्टच्या एका जुन्या पबमध्ये सेशन होतं, म्हणजे वादकांनी एकत्र बसून पारंपरिक आयरिश धुना वाजवायची बैठक. स्टेज नाही, माइक नाही; कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडलवाले (फिडल म्हणजे व्हायोलिनच), एक बासरी आणि बोधरान हे डफासारखं वाद्य. अर्धी गर्दी वादकांच्या तोंडासमोर मोबाइल धरून उभी. मला याचा मनापासून संताप येतो. एका आजोबांनी बाकावर सरकून जागा दिली, म्हणून धड ऐकता तरी आलं.

रील या जलद नाचधुनांची धावपळ थांबली आणि फिडलवाल्या बाईंनी ई मायनरमधली धून धरली. हॉर्नपाइप हा मूळचा इंग्लंडचा नाच, पण आयर्लंडनं तो पार आपलासा केला. रीलपेक्षा संथ, स्वरांच्या जोडीतला पहिला लांबवलेला, दुसरा आखूड, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीन ठाम ठोके. कडक बुटांनी नाचणाऱ्याला पायाची करामत दाखवायला या लयीत ऐसपैस जागा मिळते.

धून संपल्यावर मी नाव विचारलं. “राइट्स ऑफ मॅन.”

मी चमकलेच. माणसाच्या हक्कांवरचं, इंग्लंडात जन्मलेल्या विचारवंत टॉमस पेनचं १७९१ चं पुस्तक? बाई म्हणाल्या, तेच. रचणाऱ्याचं नाव मागे राहिलं नाही, पुस्तकाचं राहिलं. डब्लिनमध्ये जन्मलेल्या एडमंड बर्कनं फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका केली, तिला पेनचं हे उत्तर. आयर्लंडात ते खूप वाचलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात याच बेलफास्टमध्ये ‘युनायटेड आयरिशमेन’ ही संघटना उभी राहिली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांना एकत्र आणू पाहणारी. १७९८ चा त्यांचा उठाव इंग्रजांनी रक्तात बुडवला.

मग मी जोतीराव फुल्यांचं सांगितलं. हेच पुस्तक त्यांनी १८४७ मध्ये वाचलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. “मुलींची? १८४८ मध्ये?” बाईंनी गज खाली ठेवून सगळ्या टेबलाला ते ऐकवलं. आजोबांनी तीच धून पुन्हा मागितली. या खेपेला ते तीन ठोके थेट छातीत उतरले, आणि मी सगळ्यांसमोर रडले.

दुसऱ्या दिवशीच्या गाइडेड टूरमध्ये दोन्ही पंथांना वेगळं करणाऱ्या भिंती आणि त्यांवरची चित्रं भरपूर दाखवली. १७९१ चं नावही निघालं नाही. मला ते फार लागलं. तुम्ही गेलात तर एक संध्याकाळ सेशनसाठी राखा, वादकांच्या जवळ बसा, आणि धून संपली की तिचं नाव जरूर विचारा.