शाकारणीचे शंभर रुपये

१९७७ च्या जूनमध्ये छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींवर पोलिसांच्या गोळ्यांनी ११ माणसं मेली. भांडण पेटलं होतं पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला माणशी १०० रुपये मिळावेत म्हणून. पैसे द्यायचं कबूलही झालं होतं. मजूर घ्यायला गेले तर ठेकेदारांनी हात वर केले, आणि पुन्हा संप झाला.

मी वणीकडच्या एका कोळसा खाणीत ठेकेदाराच्या मजुरांची हजेरी लिहितो. मे सरत आला की माणसं उचल मागायला येतात. कवेलू फुटलेले, बांबूला वाळवी लागलेली, मिरग तोंडावर. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, पुढच्या हप्त्यात बघू. घरात पाणी शिरल्यावर ते पैसे काय कामाचे?

दल्लीचं लोहखनिज भिलाईच्या पोलाद कारखान्याला जायचं. बायागडी मिळून हातोड्याने दगड फोडायचे, ट्रक भरायचे. काम तेच, पण कायम कामगाराला बोनस ३०८ रुपये आणि ठेकेदाराच्या मजुराला ७०. बोनसचा असा करार करणाऱ्या युनियन मजुरांनी सोडल्या, आणीबाणीच्या तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या कामगार नेते शंकर गुहा नियोगींना बोलावलं आणि स्वतःची संघटना काढली.

२ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना युनियनच्या झोपडीतून उचललं. मागे राहिलेल्या पोलिसांना मजुरांनी अडवून धरलं. आमचा माणूस आणा, तुमचे घेऊन जा. त्या रात्री गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी दुर्गहून कुमक आली आणि परत गोळ्या चालल्या. मेलेल्यांत अनुसूयाबाई होती, सुदामा नावाचं पोर होतं.

पोलिसांना घेरलं म्हणून गोळी चालवावी लागली, असं समर्थन मी ऐकलंय. मला ते मुळीच पटत नाही. नियोगींना परत आणलं असतं तर कोणाच्या केसालाही धक्का लागला नसता. आणीबाणी उठून तीन महिनेही झाले नव्हते, पण मजुराशी बोलायची रीत तीच राहिली.

संप मात्र मोडला नाही. पुढे या मजुरांनी वर्गणी आणि श्रमदानातून स्वतःचा दवाखाना उभा केला. ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल सुरू झालं. नियोगींना १९९१ मध्ये भिलाईत झोपेतच गोळी घालून मारलं.

३ जूनला दल्लीत शहीद दिवस पाळतात. यंदा आमच्या खाणीतल्या काही मजुरांना घेऊन मी जाणार आहे, गडचिरोली-मानपूरमार्गे. गाडीत जागा आहे. कोणाला यायचं असेल तर कळवा.