भुजच्या आसपास, कापडाच्या उलट बाजूनं

कच्छला जाऊन आले म्हटलं की पुढचा प्रश्न रणाचाच येतो. पांढरं रण, चांदणं, तंबूतला मुक्काम. मी रणाकडे फिरकलेही नाही. मला कापडं बघायची होती, आणि जमलं तर उलटी करून. भरतकाम करणाऱ्या बायकांना ही खोड असतेच. सरळ बाजू सगळ्यांचीच छान दिसते. गाठी, लोंबते धागे आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या उड्या मागे कळतात.

वांद्र्याहून संध्याकाळी सुटणारी कच्छ एक्सप्रेस सकाळी भुजला पोचवते. तिथून पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर अजरखपूर. गाव अगदी अलीकडचं. २००१ च्या भूकंपानंतर धमडका या जुन्या गावातल्या पाण्यात लोह वाढलं आणि अजरख छपाईचे, म्हणजे लाकडी ठशांनी होणाऱ्या छपाईचे, रंग बिघडायला लागले, तेव्हा तिथली छपाई करणारी बरीच खत्री कुटुंबं उठून इथे आली आणि गावाला त्यांनी आपल्या छपाईचंच नाव दिलं.

याच गावात लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर हे हस्तकलांचं संग्रहालय आहे. सगळे त्याला एलएलडीसीच म्हणतात. ते २०१६ मध्ये सुरू झालं, पण त्यामागची गोष्ट १९६९ च्या दुष्काळातली. चंदाबेन श्रॉफ मुंबईहून मदतकार्यासाठी धनेटी गावात आल्या. तिथल्या आहिर बायकांना फुकटची मदत नको होती, काम हवं होतं. त्यांच्या अंगावरचं भरतकाम बघून चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या, त्या मुंबईत विकल्या, आणि त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. संग्रहालय हे तिचंच पुढचं रूप.

आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो ‘कच्छी भरतकाम’ म्हणून एकच काही नसतं याचा. आपल्याकडे शिवणाच्या क्लासात दोऱ्यांची जाळी विणायचा एक टाका शिकवून त्यालाच कच्छी म्हणून मोकळे होतात. इथे प्रत्येक समाजाचं काम निराळं. आहिरांचे मोर आणि फुलं गोलाईत वळतात. रबारींची नक्षी साखळी टाक्यात, आरशांनी भरलेली. मुतवा बायकांच्या कामातले आरसे इतके बारीक की भिंगच हवं. गरासिया जाट बायकांच्या अंगरख्याचा छातीवरचा भाग दसुती टाक्यानं असा गच्च भरलेला असतो की खालचं कापड शोधून सापडत नाही. मी त्या एका तुकड्यापुढे एवढी रेंगाळले की पहारेकरी दोनदा येऊन गेला.

आरीकाम मात्र ओळखीचं निघालं. हल्ली लग्नाच्या ब्लाउजवर जे आरी वर्क सर्रास होतं ते हेच: कापड ताणून बसवायचं आणि आकडीनं वरून साखळी ओढत न्यायची. कच्छमध्ये हे मोची पुरुषांचं काम होतं. चामड्यावर चालणारी आरी त्यांनी रेशमावर आणली आणि राजघराण्यांसाठी, धनिकांसाठी घागरे भरले. बायकांनी स्वतःसाठी केलेलं आणि कारागिरांनी दरबारासाठी केलेलं काम शेजारीशेजारी पाहिलं की फरक लगेच दिसतो. आरीकामात सफाई अफाट आहे, पण मला त्यापुढे फार वेळ थांबावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुमरासर शेखला गेले. भुजच्या उत्तरेच्या या गावात १९९३ मध्ये पारंपरिक कला जपणारी ‘कला रक्षा’ ही संस्था सुरू झाली. गावातली मारू मेघवाळ कुटुंबं १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरातून आलेली, आणि त्यांच्यासोबत आलेलं सूफ काम पाहायला मी खास गेले होते. सूफला कापडावर काही रेखाटत नाहीत. ताणेबाणे मोजायचे आणि सुई चालवायची ती कापडाच्या मागच्या बाजूनं. दोरा जवळजवळ सगळा पुढेच राहतो, त्रिकोणाला त्रिकोण जोडत नक्षी वाढत जाते, आणि मागे दिसतात फक्त बारीक ठिपके. एका बेननी हातातलं काम मला तसंच दिलं. मी सवयीनं उलटं केलं तर त्या हसल्या, “हमारे लिए तो यही सीधा है.” एक घर जरी चुकलं तरी पुढचा त्रिकोण तिरका जातो, मग उसवायचं. चष्मा लागला की हे काम सुटतं, असं त्या सांगत होत्या. शेजारची मुलगी मोबाइल बघत बघत धागे मोजत होती, आणि चुकत नव्हती.

इथवर मी जुन्याच्या मागे होते. अंजारच्या एसटी स्टँडवर मात्र भलतंच दिसलं. काळी लोकरी ओढणी घेतलेल्या ढेबरिया रबारी बायकांच्या कपड्यांवर भरतकाम नव्हतंच. होत्या चकचकीत फिती, नागमोडी लेस आणि मशीनची शिलाई, तीही एकावर एक इतक्या ओळींत की डोळे दिपावेत. त्यामागचं कारण मी कला रक्षात ऐकून आले होते. सासरी जाण्याआधी मुलीनं भरतकामाचा सगळा आहेर पुरा करायचा, अशी या समाजाची रीत होती. आहेर वाढत गेला आणि मुली तिशीपर्यंत माहेरीच राहू लागल्या. अखेर १९९५ मध्ये समाजाच्या पंचांनी स्वतःसाठी भरतकाम करायलाच बंदी घातली. विकण्यासाठी मात्र चालेल.

हातातली सुई काढून घेतली तर बायका काय करतील? त्यांनी बाजारातून तयार फिती आणल्या आणि शिलाई मशीनवर नवा प्रकार उभा केला. त्याला हरी-जरी म्हणतात. जुन्याचे चाहते त्याकडे बघून नाक मुरडतात. फिती तर कारखान्यातल्या, असं म्हणतात. मला ते पटत नाही. रबारी कामातले आरसे तरी कुठे घरी बनायचे? तेही विकतच आणावे लागत. आमच्यासारख्या शहरी गिऱ्हाइकांसाठी हल्ली जे कुर्ते बनतात, फिकट रंगाचे, एका कोपऱ्यात एवढीशी नक्षी, ते मला या फितींपेक्षा कितीतरी निर्जीव वाटतात. ते भरणारी बाई स्वतः तो कुर्ता कधीच घालणार नाही.

एसटीला वेळ होता म्हणून फितींचं दुकान शोधलं. भिंतभर रिळं होती: सोनेरी, पोपटी, राणी, काही प्लास्टिकसारखी चमकणारी. दुकानदाराला विचारलं, माल निवडता कसा? तो म्हणाला, “हम कहाँ चुनते हैं? रबारी बेन आती हैं, जो नापसंद करें वो रिळ वापस जाता है.” तेवढ्यात दोघीजणी आल्याच. एकीनं सोनेरी फीत बोटांत चुरगाळून पाहिली, रंग उतरतो का म्हणून ओठांनी ओली केली, आणि भावावरून अशी काही घासाघीस सुरू केली की माझं बिल करायला दुकानदाराला सवडच मिळेना. मीही दोन रिळं घेतली, अर्थात त्यांनी पसंत केलेली.