बाद्रुटांची पैज

बाद्रुट या हॉटेलमालकांच्या पैजेबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना मी स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या कुल्म हॉटेलचा इतिहास शिकवते, आणि दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, ‘मॅडम, पाहुण्यांना अख्खा हिवाळा फुकट ठेवणारा मालक बुडाला कसा नाही?’

1864 सालची शरदातली गोष्ट. हंगाम संपलेला, चार इंग्रज पाहुणे निघायच्या बेतात. मालक योहानेस बाद्रुट म्हणाले, हिवाळ्यात इथे असं ऊन पडतं की कोट काढून बसावं. नाताळात या, हवे तितके दिवस माझ्याकडे राहा. नाही आवडलं तर प्रवासखर्चही माझा. पाहुणे आले ते वसंतापर्यंत हललेच नाहीत, आणि उन्हाने रापून घरी परतले.

बाद्रुट कुटुंबाची ही आख्यायिका आहे, आणि ती रंगवून सांगितली गेली असणार. पण तिच्यातला हिशेब मला अगदी खरा वाटतो. उन्हाळी हॉटेलच्या खोल्या हिवाळ्यात तशाही रिकाम्याच असत. चार माणसांचं जेवण आणि जळण, एवढाच काय तो वाढीव खर्च. उलट पाहुणे खूश झाले, तर बंद पडणारे महिने कायमचे कमाईचे. आणि ऊन ही काही थाप नव्हती. गाव सुमारे 1800 मीटरवर आहे, हवा कोरडी. सखल भागात धुकं साचलेलं असतं तेव्हाही वर बहुतेक वेळा लख्ख ऊन असतं.

खरी कसोटी पुढे होती. नुसतं ऊन खात पाहुणा किती दिवस बसणार? मला या घराचं सगळ्यात कौतुक वाटतं ते इथे. योहानेस 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात विजेचे दिवे पाहून आले आणि लगोलग पाण्यावर वीज तयार करून त्यांनी हॉटेलात दिवे लावले. स्वित्झर्लंडमधले ते पहिले मानले जातात. पाहुणे गावातल्या रस्त्यांवरून घसरगाड्या पिटाळू लागले, तेव्हा त्यांना हुसकावण्याऐवजी मुलगा पीटरच्या पाठबळाने 1884-85 च्या हिवाळ्यात क्रेस्टा ही बर्फाची घसरवाट तयार झाली. दुसरा मुलगा कास्पर याने 1896 मध्ये स्वतःचं पॅलेस हॉटेल उघडलं.

रेल्वे तर गावात 1904 मध्ये आली. म्हणजे तोवरचे बहुतेक पाहुणे घोडागाडीने किंवा बर्फावरच्या गाडीने घाट ओलांडून यायचे! 1928 आणि 1948 अशी दोनदा इथे हिवाळी ऑलिंपिकं झाली.

कुल्म आता बाद्रुटांकडे नाही, पॅलेसच्या पाटीवर मात्र त्यांचं नाव आहे. क्रेस्टा दर हिवाळ्यात वितळलेल्या जागी नव्याने बांधली जाते, आणि तिच्यावरून आजही लोक डोकं पुढे करून, पालथे झोपून, खालच्या चेलेरिना गावाकडे सुटतात.